एकाच नावाचे दोघे

शिट्टीकाकांचं चष्म्याचं दुकान होतं, पण लोक त्यांना चष्म्यापेक्षा शिट्टीमुळे जास्त ओळखायचे. दर रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांचे वर्ग भरत. तिथे उथळ बाजूच्या कडेला, पँट दुमडून आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभे असणारे गृहस्थ म्हणजे ते. पगार नाही, मानधन नाही. स्वतःची लेक इथे पोहायला शिकत होती तेव्हा हौसेने उभे राहिले, ते उभेच राहिले. आता त्याच पाण्यात नात हातपाय मारत होती. ओल्या फरशीवरून कुणी पळालं की एक छोटी शिट्टी, कुणी कुणाचं डोकं पाण्यात दाबलं की लांब शिट्टी. तिसरी शिट्टी कधी वाजवावी लागली नाही.

वर्ग चालवणारी कोचताई तिशीची होती. आवाज असा खणखणीत, की काकांची शिट्टी खरं तर हौसेचीच गोष्ट होती. त्या वर्षी तलावाच्या मंडळाने नियम केला, की मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून तपासणी करून घ्यायची. मग तो पगारी असो, हौशी असो, कालचा असो की वर्षानुवर्षांचा जुना. कोचताईने सगळ्यांना बोलावून सांगितलं, तशी कुरकुर सुरू झाली. फुकट राबायचं आणि वर चोर ठरायचं, असं कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा शिट्टीकाकाच उठून म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला? माझ्या दुकानात धडधाकट माणूस येतो, म्हणतो मला सगळं स्वच्छ दिसतं. तरी मी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतोच. तो काही रागावत नाही. तपासणी ती तपासणी. माझी सगळ्यात आधी पाठवा. लहानपणी मास्तरांनी अंगठे धरून उभं केलं होतं, ते निघालं तर मात्र सांभाळून घ्या."

सगळे हसले, आणि कुरकुर तिथेच थांबली.

काही आठवड्यांनी दुपारच्या वेळी कोचताई दुकानात आली. काका एका फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होते.

"या, या! डोळे दुखतायत का? पाण्यातल्या औषधाने होतं तसं."

"नाही काका. जरा बसून बोलू या?"

तिने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. त्यावरूनच काकांना काहीतरी बिनसलंय हे कळलं. ती म्हणाली, "तुमचा अहवाल आला. त्यात नोंद आहे. तरुणपणीची. मारहाणीचा गुन्हा, शिक्षा झालेली. दीड वर्ष."

काका आधी हसले. "दीड वर्ष? आणि बायकोला पत्ता नाही? अहो, मी तासभर उशिरा घरी गेलो तर ती दहा ठिकाणी फोन लावते."

"नाव तेच आहे. वडिलांचं नाव तेच. जन्माचं वर्षही तेच."

आता ते हसेनात.

"चूकच असणार असं मला वाटतं," कोचताई म्हणाली. "पण नुसतं मला वाटून चालत नाही. उलगडा होईपर्यंत तुम्हाला तलावावर उभं करता येणार नाही मला."

"म्हणजे इतक्या वर्षांनी माझ्यावर विश्वास नाही."

"विश्वास आहे, तीच तर अडचण आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला विचारायचं नाही असं ठरवलं, तर हा नियम फक्त परक्यांसाठी उरतो. आणि मुलांना त्रास देणारा नेहमी परकाच असतो असं कुठे आहे?"

काका दांडी वाकवत राहिले. ती जरा जास्तच वाकली.

जाता जाता ती दारात थांबली. "आणि काका, समजा ती नोंद तुमचीच असली, तरी येऊन सांगा. मुलांच्या बाबतीतला गुन्हा असेल तर दार बंद, कायमचं. तिथे बोलणंच नाही. पण बाकी कशाची नोंद असली म्हणजे दार बंद झालं असं नसतं. काय झालं, केव्हा झालं, पुढे माणूस कसा वागला, ते आम्ही बघतो."

ती धीर द्यायला बोलली होती. पण काकांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. 'समजा तुमचीच असली' म्हणजे काय?

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "तुम्ही? मारहाण? झुरळ दिसलं की मला हाक मारता तुम्ही! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चला, आत्ताच्या आत्ता जाऊ त्या पोलिसांच्या ऑफिसात."

"आत्ता बंद असेल."

"मग उद्या."

लेक औषधाचं दुकान चालवायची. शिवाय वर्गातल्या पालकांची प्रतिनिधी म्हणून ती तलावाच्या समितीत होती. ती संध्याकाळी आली तीच तणतणत. "पण बाबा, कोचताईचं काही चुकलं नाही हं," तिने हेही सांगितलं. "तुमच्याऐवजी दुसरं कुणी असतं, आणि 'आमचे काका आहेत, जाऊ दे' असं ती म्हणाली असती, तर मीच भांडले असते."

खरी पंचाईत रविवारी झाली. नात एकटीच वर्गाला गेली आणि घरी येऊन ओल्या केसांनी आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, तुम्ही का नाही आलात? मुलं विचारत होती. मी काय सांगू?"

"सांग, आजोबांच्या नावाचा आणखी एक माणूस आहे. दोघांची कागदांत गल्लत झालीय. ती सुटली की येतील."

"मग तो दुसरा माणूस वाईट आहे?"

काकांच्या तोंडून चटकन गेलं, "असणारच."

पोलिसांच्या नोंदींच्या ऑफिसात एक बाई हवालदार होती. तिने काकांचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नावावरून काही कळत नाही. बोटांचे ठसे जुळवावे लागतील. तुमचे नवे, आणि त्या दुसऱ्याचेही परत घ्यावे लागतील, जुने पुसट झालेत. निरोप पाठवते दोघांना." बोलताना तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. शेवटी काकांना राहवलं नाही. "बाई, रागावू नका, पण तो चष्मा द्या बघू इकडे." त्यांनी खिशातल्या पेचकसाने दांडीचा स्क्रू आवळला आणि परत दिला. बाईने तो घालून मान हलवून बघितली. "वा! पण ठसे द्यावेच लागतील हं."

ठरलेल्या दिवशी काका बाकावर बसले होते. बाईने नाव पुकारलं. काका उठले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एक माणूसही उठला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो काकांच्याच वयाचा, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले. दंडावर ग्रीसचा डाग होता. काकांनी मनात त्याचं एक चित्र रंगवून ठेवलं होतं, दांडगट, लाल डोळ्यांचं. हा तर कुठल्याही इमारतीत लिफ्टखाली वाकलेला दिसावा असा माणूस होता. आणि निघाला तो लिफ्ट दुरुस्त करणाराच.

"दोघं एकदम उठलात ते बरं झालं," बाई म्हणाली. "या, आधी तुम्ही."

दोघांची दहा-दहा बोटं काळी झाली. बाहेरच्या नळाखाली दोघं हात चोळत उभे राहिले. शाई काही निघेना.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात," लिफ्टवाला नळाकडेच बघत म्हणाला. "हात तुम्ही दाखवलात, अवलक्षण मात्र माझं झालं. इतकी वर्षं या ऑफिसाचं तोंड बघितलं नव्हतं. परवा घरी पोलिसांचा माणूस निरोप घेऊन आला. घरात सूनबाई होती. काय वाटलं असेल तिला?"

काका तापूनच आले होते. "आणि मला काय वाटलं असेल? माझ्या नातीला लोक विचारतायत!"

"माझं नाव मी ठेवलं नाही."

"मीही ठेवलं नाही!"

काकांच्या पिशवीत काचा पुसायच्या औषधाची बाटली होती. त्यांनी ती काढली, स्वतःच्या बोटांवर थोडं ओतलं, शाई निघतेय असं बघितलं आणि बाटली पुढे केली. लिफ्टवाल्याने घेतली. हात स्वच्छ झाल्यावर तो म्हणाला, "समोर चहा मिळतो."

चहाच्या टपरीवर त्याने दोन पेले मागवले. मग म्हणाला, "पोहायला शिकवता म्हणे."

"शिकवत नाही. कडेला उभा राहतो. मुलं असतात म्हणून तपासणी."

"बरोबर आहे. हवीच." त्याने पेल्यातला चहा उगाच फिरवला. "माझा मुलगा शाळेत होता तेव्हा सहलीबरोबर यायला पालक बोलवायचे. त्यासाठीही हाच कागद लागायचा. मी दर वर्षी कामात असायचो. सहल ठरली की माझी कुठली ना कुठली लिफ्ट बिघडायचीच. मुलगा म्हणायचा, बाबांना हौस नाही. मी म्हणायचो, हो, नाही."

काकांनी विचारलं, "झालं काय होतं?"

"बांधकामावर होतो. मुकादमाने शिवी दिली. हातात सळई होती." तो थांबला, पण सांगायचं सोडलं नाही. "त्याचा एक डोळा गेला. शिवीची किंमत डोळा नसते, हे मला तुरुंगात गेल्यावर कळलं असं नाही. सळई खाली आली त्याच क्षणी कळलं होतं. माझं दीड वर्ष कधीच संपलं. त्याचा डोळा अजून गेलेलाच आहे."

काकांचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. जन्मभर डोळ्यांशीच त्यांचं काम. एक डोळा गेला म्हणजे माणसाचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून वाचावं लागत नव्हतं. पायरीचा अंदाज चुकतो, पेल्यात ओतलेलं पाणी बाहेर सांडतं, एका बाजूने येणारं माणूस दचकवतं. त्यांना त्या लिफ्टवाल्याकडे बघवेना. चहा अर्धा टाकून ते उठले, "बरं, येतो," म्हणाले आणि चालू लागले.

ठसे अर्थातच जुळले नाहीत. काकांच्या नावाचा कोरा दाखला आला आणि पुढच्या रविवारी ते तलावावर गेले. मुलांनी पाण्यावर हात आपटून असा काही गदारोळ केला, की कोचताईला खरोखरच ओरडावं लागलं. काकांनी शिट्टी वाजवली. सगळं पूर्वीसारखं झालं.

नुसतं तेवढं एक सोडून. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की काका नेहमीप्रमाणे म्हणायचे, "उजवा डोळा झाका, आता डाव्याने वाचा." आणि दर वेळी त्यांना तो मुकादम आठवायचा. त्याच्या मागोमाग लिफ्टवालाही आठवायचा. आपली बाजू सावरणारा एक शब्द तो बोलला नव्हता. मुकादम वाईट होता असंसुद्धा म्हणाला नव्हता. इतकी वर्षं तो मुलाच्या डोळ्यांत निरुत्साही बाप होऊन राहिला होता. आणि आपण? चार रविवार दुसऱ्याच्या नोंदीखाली काढले तर जीव नकोसा झाला होता आपल्याला.

एका संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे तुम्ही त्याच्याबरोबर चहा प्यायलात, त्याचं सगळं ऐकलंत, आणि उठून आलात?"

"मग काय करणार होतो?"

"निघताना काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

"म्हणालात ना येतो? मग जा."

काका आधी कोचताईकडे गेले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बोलवा त्यांना. पण मी वचन काही देत नाही. समिती विचारेल ते सगळं सांगावं लागेल, आणि नाही म्हटलं तर नाही." काकांना तेवढं पुरे होतं. लिफ्टवाला कुठल्या इमारतीत असतो हे चहाच्या वेळी बोलण्यात आलं होतं. तिथे तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि आतल्या खड्ड्यातून बॅटरीचा उजेड येत होता.

"कोण आहे?"

काकांनी स्वतःचं नाव सांगितलं. आतून जरा वेळाने उत्तर आलं, "ते माझंही आहे. काम काय?"

तो वर आला. काकांनी कोचताईचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. नोंद असली म्हणजे दार बंद झालं असं नसतं. काय झालं, केव्हा झालं, पुढे माणूस कसा वागला, ते बघतात. हेच शब्द आपल्याला किती झोंबले होते, आणि आता आपणच ते एखाद्या चांगल्या बातमीसारखे सांगत सुटलोय, हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं.

लिफ्टवाला चिंध्यांना हात पुसत राहिला. "मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते."

"रोज या विहिरीत लोंबकळता की!"

"हिच्यात पाणी नसतं." तो पहिल्यांदा थोडा हसला. मग म्हणाला, "तुम्हाला काय पडलंय माझं?"

"थोडे दिवस मी तुम्ही होतो," काका म्हणाले. "फार वाईट गेले."

लिफ्टवाल्याने चिंध्या खिशात कोंबल्या. काकांनी तलावाचा पत्ता सांगितला आणि ते निघाले. या वेळी 'येतो' म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "या."

खरं भांडण घरात झालं. लेक ऐकून भडकली. "बाबा, तुमच्या नावावरचा डाग आत्ता कुठे पुसला, आणि तो ज्याचा होता त्यालाच तुम्ही हाताला धरून आणताय? जगात बाकी कामं नाहीत? त्याला मुलांमध्येच कशाला आणायचं?"

"मी आणत नाही. तो अर्ज करेल. समितीत तू आहेस. तू विचार."

"मी विचारणारच आहे."

"अगदी वाट्टेल ते विचार. मी त्या खोलीत नसणार."

आणि तिने विचारलंच. तलावाच्या मागच्या बाजूला, जिथे तरंगायच्या फळ्या रचून ठेवतात, त्या खोलीत समिती बसली होती. कोचताई, लेक आणि मुलांचे एक म्हातारे डॉक्टर. लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. झालेलं सगळं त्याने आधीच सांगून टाकलं, काकांना सांगितलं होतं तसंच.

डॉक्टरांनी विचारलं, "ज्याचा डोळा गेला, त्याला पुढे कधी भेटलात?"

"सुटल्यावर गेलो होतो. त्याने दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. तो त्याचा हक्क आहे. परत गेलो नाही."

लेक पुढे झुकली. "आज कुणी तुम्हाला शिवी दिली तर?"

"दिली ना. गेल्याच महिन्यात. एक साहेब लिफ्टमध्ये अडकले होते. बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्या आईवरून शिवी दिली. माझ्या हातात पाना होता. मी तो खाली ठेवला. हातात काही असताना मी कुणाशी बोलत नाही, बाई. आधी हात रिकामे करतो, मग तोंड उघडतो. सवयच लावून घेतलीय."

"आणि मग काय बोललात त्यांना?"

"म्हटलं, पाणी देऊ का. घाबरले होते ते."

लेकीने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "इथे का यायचंय तुम्हाला?"

"माझ्या सुनेला दिवस गेलेत. मुलाच्या वेळी मी कायम कामात होतो. आता पुन्हा तेच नको. लहान मुलांजवळ कसं राहायचं हे मला येत नाही. कुणाच्या तरी नजरेखाली शिकलेलं बरं."

त्याला बाहेर बसवून तिघं बराच वेळ बोलत होते. डॉक्टर आधी नको म्हणत होते. त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण उद्या काही झालं तर लोक आपल्याला विचारतील, असं त्यांचं म्हणणं. कोचताई म्हणाली, "उद्या काही झालं तर कोऱ्या कागदाच्या माणसाबद्दलही विचारतीलच. कागद कोरा म्हणजे माणूस कोरा असं मी मानत नाही. म्हणून तर इथे कुणीही मोठं माणूस मुलांबरोबर एकटं राहत नाही. तुम्हीसुद्धा नाही, डॉक्टर." शेवटी अटी लेकीनेच सांगितल्या. सहा महिने फक्त कडेपाशी, कायम दुसऱ्या कुणाबरोबर. कपडे बदलायच्या खोल्यांकडे फिरकायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसून बघायचं.

तिने बाहेर येऊन त्याला त्या सांगितल्या, आणि वर म्हणाली, "आणि मी लक्ष ठेवणार आहे."

"ठेवा," तो म्हणाला. "ठेवायलाच हवं. मलाही बरं वाटेल."

काका फाटकाबाहेर उभे होते. दोघं बसथांब्यापर्यंत बरोबर चालत गेले. वाटेत लिफ्टवाला म्हणाला, "इथे यायच्या आधी मुलाला सांगून टाकलं सगळं. काल."

"काय म्हणाला?"

"आधी उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, 'म्हणजे तुम्हाला यायचं होतं? मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही.'" त्याने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. "एवढा मोठा झालाय. टक्कल पडायला लागलंय त्याला. आणि रडला."

बस आली तरी काका त्याच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे होते.

पहिल्या रविवारी लिफ्टवाला पाण्यापासून इतका लांब, भिंतीला चिकटून उभा राहिला, की नातीने काकांना विचारलं, "आजोबा, त्यांना शिक्षा केलीय का?" काकांना ठसका लागला. "नाही ग बाई. नवीन आहेत ते."

"तुमच्याच नावाचे ना? ते वाईट आहेत म्हणाला होतात तुम्ही."

"मला तेव्हा माहीत नव्हते ते. उगाच बोललो."

"मग आता सॉरी म्हणा."

काका गेले आणि भिंतीपाशी जाऊन खरोखरच सॉरी म्हणाले. कशाबद्दल ते लिफ्टवाल्याला कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

एकाच नावाचे दोघे काका झाल्यावर मुलांनी स्वतःच सोय लावली. याचं नाव लिफ्टकाका पडलं. लिफ्ट मध्येच पडते का, दोर तुटला तर काय होतं, आत कुणी शी केली तर कोण पुसतं, असले प्रश्न घेऊन मुलं कडेला लोंबकळू लागली. तो प्रत्येकाला खरीखुरी उत्तरं द्यायचा. एक छोटी मुलगी मात्र पाण्यात उतरायचीच नाही. पायरीवर बसून फक्त रडायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने रडणं थांबवून त्याला विचारलं, "तुम्ही का नाही उतरत?"

"मला भीती वाटते."

"मोठ्यांना नसते भीती."

"मला आहे."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग बाजूला सरकून पायरीवर जागा केली. त्याने कोचताईकडे पाहिलं. कोचताई दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. तिने मानेनेच हो म्हटलं. तो पँट दुमडून बसला. "आधी नुसती बोटं," मुलगी म्हणाली. "मग घोटे. गुडघे पुढच्या वेळी." आणि खरंच, गुडघे पुढच्याच वेळी झाले. थंडी सरेपर्यंत ती मुलगी फळी धरून तलावाची रुंदी पार करायला लागली. लिफ्टकाका कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, दोन्ही हातांनी कठडा गच्च धरून तिला शाबासकी द्यायचा.

सहा महिने झाले तेव्हा समितीची बैठक पाच मिनिटांत आटोपली. डॉक्टर म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यांना कठडा सोडायला शिकवा कुणीतरी."

त्यानंतरच्या एका रविवारी कोचताई तापाने पडली. डॉक्टर आणि शिट्टीकाका मोठ्या मुलांकडे गेले. छोट्यांचा वर्ग लेकीच्या गळ्यात पडला. ती लहानपणी याच तलावात शिकली होती, पण वीस मुलांना एकदम काठावरून उडी मारायला लावणं वेगळं. मुलं रांगेत कुडकुडत, ढकलाढकली करत उभी होती. कोण आधी, कोण मागे, याचा कालवा चालला होता. पाण्यात उभ्या उभ्या तिने आजूबाजूला बघितलं.

"काका!" तिने हाक मारली.

पलीकडच्या बाजूने तिच्या वडिलांनी वळून पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"लिफ्टकाका, तुम्ही असे माझ्या शेजारी या. पाण्यात. मी या बाजूने धरते, तुम्ही त्या बाजूने. एकेकाला सोडू."

तो क्षणभर कठड्याजवळ थांबला. मग त्याने कठडा सोडला, पाण्यातून एकेक पाऊल टाकत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"चल ये," तो रांगेतल्या पहिल्याला म्हणाला. "नाक धरायचं असेल तर धर. मी पण धरतो."

मुलाने नाक धरलं, डोळे मिटले आणि उडी मारली.